आवाजाचा ड्रायव्हर

पडदे एकामागून एक उजळत गेले. आधी पहिल्या रांगेतले, मग खिडकीकडचे, मग अगदी मागच्या भिंतीला टेकलेलेसुद्धा. मामाने कमरेवर हात ठेवून सगळी खोली एका नजरेत घेतली आणि समाधानाने मान डोलावली. सकाळपासून टेबलांखाली वाकून केबली जोडताना पाठीचे टाके ढिले झाले होते, पण नवी कोरी यंत्रं अखेर जागी झाली होती.

"झालं का रे मामा?" भाचीने दारातून विचारलं.

"झालं की! ये, बघ. एकूण एक चालू."

भाची आत आली. टेबलाची कड बोटांनी चाचपत सवयीने तिसऱ्या खुर्चीवर बसली आणि कान देऊन थांबली. मग म्हणाली, "बघतेय, बघतेय. पण एकसुद्धा बोलत नाहीये. वाचकबाई झोपल्यात का?"

मामाच्या चेहऱ्यावरचं समाधान उतरलं. ही अंध मुलांची शाळा. पडदा उजळला काय नि न उजळला काय, इथे त्याला कोण विचारतो! यंत्र चालू झालं हे इथे कानाने कळायचं. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम प्रत्येक यंत्रात असायचा. मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं वाचकबाई. यंत्र तयार झालं की वाचकबाई खणखणीत आवाजात म्हणायच्या, "तयार आहे." आज सगळी खोली यंत्रांनी भरलेली, आणि त्यात पंख्यांच्या घरघरीशिवाय शब्द नाही.

मामाने एका यंत्राला हेडफोन लावून पाहिला, दुसऱ्याला लावला, आवाजाची पट्टी शेवटपर्यंत ओढली. काही नाही. मग त्याने यंत्राच्या भागांची यादी उघडली. पडदा ठीक, कीबोर्ड ठीक, नेटवर्क ठीक, आणि आवाजाच्या भागासमोर एक पिवळं उद्गारचिन्ह, डोळे वटारून बसलेलं.

"मुकी आहेत सगळी," तो पुटपुटला.

"मुकी चालणार नाहीत," भाची शांतपणे म्हणाली. तिच्या त्या शांतपणाचीच मामाला धास्ती वाटली, कारण ही पोरगी एरवी शांत बसणाऱ्यातली नव्हती. शाळेत तिला वकील म्हणत. तेही उगीच नाही.

त्याचं असं झालं होतं. या मुलांनी परीक्षेत उत्तरं तोंडाने सांगायची आणि शेजारी बसलेल्या लेखनिकाने ती कागदावर उतरवायची, अशी पद्धत. मागच्या परीक्षेत वकिलाने इतिहासाच्या उत्तरात सांगितलं की राजाचा तो निर्णय साफ चुकला. लेखनिक मुलगा मनाने चांगला होता. बिचारीचे गुण जातील म्हणून त्याने परस्पर लिहिलं, निर्णय योग्य होता. पुस्तकात तसंच होतं. वकिलाला पैकीच्या पैकी गुण पडले. पेपर वाचून दाखवल्यावर तिला हे कळलं, तेव्हा ती तडक मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गेली आणि म्हणाली, "हे गुण माझे नाहीत. काढून टाका." गुण कमी करा म्हणून भांडणारी विद्यार्थिनी बाईंनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली.

यंदा मात्र वेगळं होणार होतं. परीक्षा मंडळाने परवानगी दिली होती की या शाळेतल्या मुलांनी प्रश्न हेडफोनवर ऐकायचे आणि उत्तरं स्वतः टाइप करायची. मधे कोणी नाही. जुन्या यंत्रांवर परीक्षेचा प्रोग्राम चालेना, म्हणून संस्थेने घाईघाईने नवी यंत्रं घेतली. अट एकच. आज मंडळाचं कार्यालय बंद व्हायच्या आत शाळेने कळवायचं, यंत्रं तयार आहेत की नाहीत. नसतील तर मंडळ लेखनिक पाठवणार. लेखनिक आले की पुन्हा तीच गत.

मामा संस्थेच्या संगणक विभागाचा प्रमुख. संस्थेच्या अनेक शाळा, त्यात शेकड्यांनी यंत्रं. प्रत्येक यंत्रासमोर बसून एकेक गोष्ट चढवायची म्हटली तर हा जन्म पुरायचा नाही. त्यामुळे काम चालायचं ते मुख्य कार्यालयातल्या एका मोठ्या सर्व्हरवरून. नवं यंत्र नेटवर्कला जोडायचं आणि चालू करायचं. मग सर्व्हर त्याची पाटी कोरी करतो, त्यावर सिस्टिम बसवतो, त्यानंतर ड्रायव्हर, आणि शेवटी वाचकबाई. सगळी यंत्रं एकाच साच्यातून निघाल्यासारखी.

मुख्याध्यापिकाबाई आत आल्या. सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणत. कॉम्प्युटरमधलं आपल्याला ओ का ठो कळत नाही असं त्या अभिमानाने सांगत, पण प्रश्न मात्र नेमका विचारत.

"मामा, घोडं कुठे पेंड खातंय?"

वकिलाचा मामा म्हणजे सगळ्या शाळेचाच मामा. आपल्यापेक्षा वडील बाई आपल्याला मामा म्हणतात, याची त्याला आता सवय झाली होती.

"बाई, ड्रायव्हर पोचला नाहीये. आवाजाचा."

"बसचा ड्रायव्हर पोचला नाही तर शाळेला उशीर होतो, तेवढं मला कळतं. हा कोण?"

मामा हसला. समजावून सांगायला त्याला मनापासून आवडायचं. "असं समजा बाई, यंत्राच्या पोटात खूप मंडळी राहतात. पडदा, आवाज, नेटवर्क. प्रत्येकाची बोली वेगळी. आणि त्यांचा मालक, म्हणजे सिस्टिम, त्याला यातली एकही बोली येत नाही. मग प्रत्येकासाठी एक दुभाष्या लागतो. मालकाने म्हणायचं 'बोल', दुभाष्याने ते आवाजाच्या भागाला त्याच्या बोलीत सांगायचं. तो दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर. एका मॉडेलला लागणाऱ्या सगळ्या दुभाष्यांचा एक गठ्ठा बांधून आम्ही सर्व्हरवर ठेवतो."

"म्हणजे मालक ओरडतोय आणि आवाजवाला मख्खासारखा बसलाय."

"अगदी तसंच."

"मग पाठवा की दुसरा दुभाष्या. मला संध्याकाळी फोन करायचाय, आणि खोटं मी बोलणार नाही."

मामाने मुख्य कार्यालयात फोन लावला. तिथे सर्व्हर सांभाळणारा त्याचा सहकारी होता. त्याच्या टेबलावर पेनसुद्धा उंचीप्रमाणे लावलेले असायचे. विभागात त्याला टापटीप म्हणत, आणि ते नाव त्याला मनातून आवडायचं.

"साहेब, गठ्ठा मीच बांधला," टापटीप फोनवर म्हणाला. "कंपनीकडून ड्रायव्हर घेतले, सर्व्हरवर चढवले, गठ्ठ्यात घातले, शाळेकडे पाठवले. सगळीकडे हिरवी खूण आहे."

"हिरवी खूण आहे आणि यंत्रं मुकी आहेत."

"मग तुमच्याकडे काहीतरी झालं असेल."

"आणि माझ्याकडे सगळं ठीक असलं तर?"

"मग... मग काहीच कळत नाही, साहेब."

"कळेल. घाई करायची नाही. साप साप म्हणून भुई धोपटत बसलो तर हात तेवढे दुखतील. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, एकाच यंत्रावर बघायची, मग पुढची."

वकील हे सगळं ऐकत होती. "मी बसू का इथे? बोलणार नाही."

"तू? बोलणार नाहीस?"

"गरज पडेपर्यंत."

पहिली शंका अशी होती की गठ्ठा वाटेतच अर्धवट राहिला असेल. मुख्य कार्यालयातून निघालेली प्रत्येक गोष्ट आधी शाळेतल्या छोट्या सर्व्हरवर उतरायची. जिन्याखालच्या कपाटात तो बसवलेला होता, झाडूंच्या शेजारी. मामा कपाटात डोकं घालून बसला. टापटीपने गठ्ठा नव्याने पाठवला. तो पूर्ण उतरल्याची खात्री करून मामाने तिसऱ्या खुर्चीसमोरचं यंत्र पुसून पहिल्यापासून बसवायला लावलं. पट्टी पुढे सरकू लागली. तेवढ्यात ताईचा, म्हणजे वकिलाच्या आईचा, फोन आला.

"जेवलास का?"

"ताई, मी कामात आहे ग."

"म्हणजे नाही जेवलास. तिच्याकडे डबा दिलाय तुझा. आणि ऐक, यंत्रं झाली ना? रात्रभर बडबडत होती झोपेत. उत्तरं देत होती."

"होतील," मामा म्हणाला आणि त्याने फोन जरा लवकरच ठेवला.

यंत्र बसून झालं. पडदा उजळला. वकिलाने कान टवकारले. वाचकबाईंनी तोंड उघडलं नाही.

"दुसरी शंका," मामा डब्यातला घास घेत म्हणाला. "सर्व्हर प्रत्येक यंत्राला विचारतो, बाबा रे, तू कुठल्या मॉडेलचा? त्याच्या उत्तरावरून तो गठ्ठा देतो. आता याने सांगितलेलं नाव आणि टापटीपने गठ्ठ्यावर लिहिलेलं नाव वेगळं असलं, तर गठ्ठा शेजारीच पडून राहील आणि याला मिळणार नाही."

"पण मामा," वकील म्हणाली, "पडदा नीट लागलाय म्हणालास ना? नेटवर्कपण?"

"लागलंय की."

"ते दुभाषे कुठून आले?"

मामाचा घास हातातच राहिला. "त्याच गठ्ठ्यातून."

"मग गठ्ठा मिळालाय. एकच माणूस वाटेत गळलाय."

"कुणीतरी म्हणालं होतं, बोलणार नाही."

"गरज पडली."

मामाने मान्य केलं. मुद्दा बिनतोड होता आणि त्याचा बराच वेळ वाचला होता. आता उरला तो एकटा आवाजाचा ड्रायव्हर. कदाचित कंपनीने चुकीचाच दिला असेल. ती तिसरी शंका. त्याने कंपनीकडून तोच ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेतला आणि त्या एका यंत्रावर हाताने बसवला. क्षणभर काही नाही. मग आतून एक बारीकसा 'टुक' असा आवाज आला, आणि पाठोपाठ वाचकबाई कडाडल्या, "तयार आहे!"

कोऱ्या यंत्रात आवाजाची पट्टी आधीच शेवटपर्यंत ओढलेली असते, हे मामा विसरला होता. व्हरांड्यातली मुलं टाळ्या वाजवत दारात गोळा झाली. मोठ्या बाईसुद्धा लगबगीने आल्या.

"झालं! मी फोन लावते."

"थांबा बाई. एवढ्यात नको." मामाला त्या टाळ्या टोचत होत्या. "हे मी हाताने केलंय. परीक्षेच्या नियमात बसत नाही. सगळी यंत्रं सर्व्हरवरूनच बसवलेली हवीत, हाताने काही घातलं की ते यंत्र बाद. मंडळ बसल्या जागेवरून तपासतं. आपण फक्त एवढं शिकलो की दुभाष्या खरा आहे. तो सर्व्हरवरून का येत नाही, ते अजून कळायचंय."

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ऊन टेबलांवरून उतरून जमिनीवर आलं होतं. "मामा, मी मुलांना तोंडघशी पाडणार नाही. थोड्या वेळाने मला लेखनिक मागवावे लागतील. वेळेवर कळवलं नाही तर तेही मिळायचे नाहीत, आणि मुलांचं वर्ष जाईल."

वकिलाने हात पुढे करून कीबोर्ड शोधला आणि त्यावर बोटं ठेवून बसून राहिली. मामाला ते पाहवेना. त्याने तोंड फिरवून टापटीपला फोन लावला.

"पुन्हा चढव. आवाजाचा ड्रायव्हर नव्याने घे, नव्याने गठ्ठ्यात घाल."

"घातला, साहेब," थोड्या वेळाने टापटीप म्हणाला. "सर्व्हर म्हणतोय, हा आधीच आहे. मघाही तेच म्हणाला होता. आहे म्हणजे चांगलंच ना?"

"चांगलंच," मामा म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी, त्याच्या मनात आलं.

"मामा," वकिलाची बोटं अजून कीबोर्डवरच होती. "हे यंत्र परत बंद करून चालू करशील?"

"का ग?"

"कर ना."

त्याने ते हाताने बोलतं केलेलं यंत्र बंद करून चालू केलं. सिस्टिम जागी झाली. टुक. "तयार आहे."

"हे जुनं यंत्र आहे का?" वकिलाने विचारलं.

"कोरं करकरीत आहे. खोकं मी स्वतः फोडलंय."

"मग जुन्यासारखं का टुकतंय?"

दारातून दोनतीन आवाज एकदम आले. "हो मामा! जुनी अशीच टुकायची!" "वाचकबाई घसा खाकरतात, म्हणायचो आम्ही!"

मामा इतकी वर्षं त्या जुन्या यंत्रांची देखभाल करत होता. हा आवाज त्याच्या कानांवरून शेकडो वेळा गेला असेल, पण कानात शिरला नव्हता. आणि सकाळपासून तो आला नव्हता ते स्वाभाविकच होतं. ड्रायव्हरच नाही तर आवाजाचा भाग जागा कसा होणार, आणि जागा झाल्याशिवाय टुकणार कसा!

तो जवळजवळ पळतच सामानाच्या खोलीत गेला. जुनी यंत्रं तिथे भिंतीशी रचून ठेवली होती. वकील दाराच्या चौकटीला हात लावून मागे उभी राहिली. मामाने वरचं एक यंत्र खाली घेतलं, धूळ फुंकली, वायर लावली. ते कण्हत कुंथत उठलं. टुक.

"तोच," वकील म्हणाली. "अगदी तोच."

"म्हणजे कंपनीने खोकं बदललं, रंग बदलला, किंमत तर बदललीच बदलली, आणि आवाजाचा भाग आत तोच जुना बसवला!" मामाने जुन्या यंत्राच्या पाठीवर थाप मारली. धुळीचा लोट उठला आणि दोघं शिंकली. "आणि भाग तोच, तर ड्रायव्हरही तोच. आधीच आहे म्हणतोय सर्व्हर. आधीच आहे! अग, त्याने नवा घेतलाच नाही!"

"मला कळेल असं सांग."

"सर्व्हरवर ड्रायव्हरांचं एक मोठं कपाट आहे. तिथे एका ड्रायव्हरची एकच प्रत राहते. तोच पुन्हा आणून दिला, तर सर्व्हर म्हणतो, माझ्याकडे आहे, दुसरा नको. आणि कपाटातला जुनाच काढून नव्या गठ्ठ्यात घालतो."

"मग घालू दे की. दोन्ही सारखेच ना?"

"सारखेच. पण त्या जुन्याला आपण काय करून ठेवलंय, ते आता विचारू."

त्याने तिथेच, धुळीत उभं राहून, फोन लावला आणि वकिलाला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"टापटीप, कपाटात जा. गठ्ठ्यात नाही, कपाटात. जुन्या मॉडेलचा आवाजाचा ड्रायव्हर काढ. चालू आहे की बंद?"

पलीकडे बटणं वाजली. "बंद आहे, साहेब."

"का बंद आहे?"

"नियमच आहे ना आपला. मॉडेल निवृत्त झालं की त्याचे सगळे ड्रायव्हर बंद करायचे. नवी यंत्रं आली त्याच आठवड्यात मी जुन्यांचे बंद केले."

"कोणी केला हा नियम?"

टापटीप जपून म्हणाला, "साहेब, तुम्हीच. तुम्ही म्हणाला होतात, गेलेल्या पाहुण्याच्या चपला दारात ठेवायच्या नाहीत."

वकील खो खो हसत सुटली. मामाही हसला. त्याला कान पकडावेसे वाटत होते आणि नाचावंसंही वाटत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दुभाष्या सकाळपासून कपाटातच बसून होता, तोंडावर पट्टी बांधून. सर्व्हर दर वेळी त्याला तसाच गठ्ठ्यात घालून पाठवत होता, आणि यंत्र म्हणत होतं, या माणसाला बोलायची मनाई आहे, याला मी आत घेणार नाही.

"चपला ठेव रे बाबा दारात! पाहुणा परत आलाय," मामा ओरडला. "चालू कर तो ड्रायव्हर. गठ्ठा ताजा कर आणि इकडे पाठव. बाकी कशालाही हात लावू नकोस."

"चालू केला... ताजा केला... निघाला, साहेब!"

दोघं परत खोलीत आली. मोठ्या बाई हातात फोन धरून उभ्याच होत्या.

"सापडलं, बाई. आता एका यंत्रावर खात्री करून घेतो." आणि मामा त्याच तिसऱ्या खुर्चीसमोरच्या, एकुलत्या एक बोलत्या यंत्राकडे वळला.

"अहो, ते नको!" बाई दचकून म्हणाल्या. "ते एक तरी बोलतंय! दुसरं कुठलंही घ्या."

मामा थांबला. बाईंचं म्हणणं व्यवहाराचं होतं. पण हे यंत्र नियमाने बाद होतं. ते तसंच राहिलं असतं तर उद्या ते कुणाच्या तरी वाट्याला आलं असतं, आणि मंडळाने त्या मुलाला पेपरातून उठवलं असतं. शिवाय हीच खुर्ची वकिलाची होती.

"हे माझं आहे," वकील म्हणाली. "पूस, मामा."

मामाने पुसलं. बोलतं यंत्र क्षणात कोरं झालं. पट्टी शून्यापासून सरकू लागली. सिस्टिम. नेटवर्क. पडदा. बाई घड्याळाकडे पाहायचं टाळत होत्या आणि म्हणूनच सारखं पाहत होत्या. मुलांना पट्टी दिसत नव्हती, म्हणून त्यांच्यातलं एखादं दर थोड्या वेळाने विचारत होतं, "कुठवर आलं?" आणि मामा सांगत होता, "अर्ध्यावर. अर्ध्याच्या पुढे. थोडंच राहिलं." यंत्र एकदा बंद झालं, पुन्हा उठलं. पंखा फिरला.

टुक.

कुणीतरी श्वास आत ओढला.

"तयार आहे."

या वेळी टाळ्या आधी मामाने वाजवल्या. मग काय विचारता! मुलांनी शिट्ट्या मारल्या, टेबलं बडवली, आणि वकिलाने मामाच्या पाठीत असा गुद्दा घातला की सकाळपासून धरलेली पाठ मोकळी झाली असं तो नंतर सगळ्यांना सांगत असे.

"एक झालं," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज मुख्याध्यापिकेचाच होता. "बाकीची?"

"सगळी एकदम लावतो. सर्व्हरला एक काय नि शंभर काय."

त्याने सगळ्या रांगा एकाच वेळी कामाला लावल्या. पडदे काळे झाले, निळे झाले, उजळले. बाई व्हरांड्यात जाऊन मंडळाला फोन लावू लागल्या. लाइन लागली तेव्हा पलीकडचा अधिकारी आवरून निघायच्या बेतात होता.

"बोला, बाई. लेखनिक किती पाठवायचे? यादी तयारच आहे माझ्याकडे."

"जरा थांबा," बाई म्हणाल्या आणि फोन घेऊन खोलीत आल्या.

खिडकीकडून सुरुवात झाली. टुक. तयार आहे. मग पहिली रांग. टुक, टुक, टुक. एकीचं वाक्य संपायच्या आत दुसरी सुरू करत होती. तयार आहे, तयार आहे, तयार तयार आहे आहे, असा नुसता कल्लोळ उडाला. सकाळपासून दाबून ठेवलेल्या सगळ्या वाचकबाई एकदम बोलत सुटल्या होत्या. मुलं रांगांमधून फिरत एकेका यंत्रावर हात ठेवत होती. "हे बोललं!" "हेपण!" "मागचं राहिलंय, थांबा, थांबा... बोललं!"

"बाई, तिकडे गोंधळ कसला चाललाय?" अधिकाऱ्याने ओरडून विचारलं.

"आमची यंत्रं तुम्हाला उत्तर देताहेत," बाईही ओरडून म्हणाल्या. "लेखनिक नकोत. एकही नको. फाडा ती यादी!"

फोन ठेवून त्या जवळच्या खुर्चीत बसल्या आणि पदराने चष्मा पुसू लागल्या. मामाने टापटीपला कळवलं. टापटीपने विचारलं, आता तो नियम काढून टाकायचा का? मामा म्हणाला, नियम राहू दे, पण बंद करण्याआधी विचारायचं की या दुभाष्याचं नव्या घरात कुणाकडे काम आहे का. टापटीपने ते लगेच लिहून घेतलं असणार, बहुतेक रेघा आखून.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मामा सकाळीच जिन्याखालच्या कपाटाजवळ स्टूल टाकून बसला. त्याची गरज नव्हती. मंडळाने तपासणी करून सगळी यंत्रं मंजूर केली होती. पण घरी त्याला चैन पडेना. ताईही आली होती. दोघं बहीणभाऊ बंद दाराकडे बघत होते. आतून कीबोर्डची टकटक येत होती, पत्र्यावर गारा पडाव्यात तशी. मधेच ती थांबे. मग ताई मामाच्या हाताला चिमटा काढी. पुन्हा सुरू झाली की सोडी.

वेळ संपल्यावर मुलं बाहेर पडू लागली. वकील शेवटी आली. केस विस्कटलेले, एका कानावर हेडफोनची खूण.

"कसा गेला ग?" ताईने विचारलं.

"शेवटचा प्रश्न सोडला!" वकील म्हणाली. तिचा चेहरा बक्षीस मिळाल्यासारखा फुलला होता. "येतच नव्हता मला. तीन वेळा ऐकला, विचार केला, दोन ओळी लिहिल्या, पुसल्या, आणि सोडून दिला. कोरा! कोणी कुजबुजलं नाही, कोणी माझ्यासाठी काही भरलं नाही."

"अग, मग गुण जातील ना!"

"जाऊ देत की. बाकीचे सगळे मी लिहिलेत." तिने हात पुढे करून मामाचा खांदा शोधला. "आणि मामा, घरी जाताना तो प्रश्न मला समजावून सांग. आलाच नाही म्हणजे काय! चल, आत्ताच सांग."

मामाने स्टूल भिंतीशी सरकवलं आणि तिच्या हातातला डबा घेतला. फाटकापर्यंत पोचायच्या आतच ती त्याच्या पहिल्या वाक्यावर आक्षेप घेऊ लागली होती.